नानांचं फाटक

रिकामी जागा दिसली की ती भरून टाकायची मला लहानपणापासून खोड आहे. परीक्षेत न येणाऱ्या प्रश्नाचंही मी पानभर उत्तर लिहायचे आणि बहुतेकदा दोन-तीन गुण पदरात पाडून घ्यायचे. नानांचं अगदी उलट. फॉर्मवरचा एखादा रकाना रिकामा राहिला की ते त्याच्याकडे समाधानाने बघत बसायचे आणि म्हणायचे, “राहू दे. माहीत नाही हेसुद्धा उत्तरच असतं.” धुळ्याच्या त्या ऑफिसात तीन वर्षं मी त्यांच्या समोरच्या टेबलाशी बसले आणि त्यातला निम्मा वेळ त्यांच्यावर चिडण्यात घालवला.

ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आम्ही सहा जण दवाखाने, शाळा, केळीचे व्यापारी, कापसाचे जिनिंगवाले अशा सगळ्यांच्या वेबसाइट बनवायचो. मालक नानांचे सख्खे भाचे. त्यांना आम्ही सर म्हणायचो आणि सर नानांना मामा म्हणायचे. मी जळगावची, नुकती कॉलेजातून बाहेर पडलेली, आपल्याला सगळं येतं अशा समजुतीत होते. पहिल्या दिवशी साठीपलीकडचा, पांढरा शर्ट पँटमध्ये खोचलेला, लोखंडी स्टुलावर ताठ बसलेला माणूस पाहून मला वाटलं, हे कुणाची तरी वाट बघत बसलेत. तास-दोन तासांनी कळलं की हे आमच्यातलेच आहेत आणि माझं काम यांनी बघितल्याशिवाय पुढे सरकणार नाही.

नाना अठ्ठावीस वर्षं बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत होते. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून भाच्याकडे आले. भाच्यानं त्यांना साइटवरचा मजकूर तपासायला दिला. त्यातही त्यांनी एकच गोष्ट उचलली आणि तिलाच चिकटून बसले. मोबाइलवर आपण काहीही शोधलं की यादी येते: वर ठळक मथळा, खाली दोन ओळींचं वर्णन. हा मथळा आणि हे वर्णन पानावर कुठंच दिसत नाही. ते पानाच्या डोक्यात, फक्त शोधणाऱ्या यंत्रासाठी लिहून ठेवावं लागतं. नाना म्हणाले, “ही तर खिडकी आहे. माणूस आत यायच्या आधी इथंच विचारतो.” तेव्हापासून ऑफिसातल्या प्रत्येक साइटच्या प्रत्येक पानाचं वर्णन तेच लिहायचे.

फिरत्या खुर्चीवर ते कधी बसले नाहीत. फिरती खुर्ची माणसाला विचारणाऱ्याकडे पाठ करायला शिकवते, असं त्यांचं मत होतं. बारा वाजून दहा मिनिटांनी डबा उघडायचा, कळण्याची भाकरी आणि ठेचा खायचा, बारा तीसला डबा बंद. त्या वीस मिनिटांतही कुणी काही विचारलं तर घास खाली ठेवून आधी उत्तर द्यायचे. तिशीच्या आतल्या सगळ्यांना ते ‘इंजिनियर’ म्हणायचे, आमच्या हिशेब बघणाऱ्या ताईंनासुद्धा.

विशेषणांशी त्यांचं वैर होतं. रावेरचे एक केळीवाले व्यापारी आले होते, मोठी आसामी. त्यांना साइटच्या वर्णनात ‘जागतिक दर्जाची अत्याधुनिक केळी पॅकिंग’ असं हवं होतं.

नानांनी नम्रपणे विचारलं, “भाऊ, अत्याधुनिक म्हणजे किती वाजता उघडतं?”

“म्हणजे?”

“इंदूरहून ट्रक आला. पहाटे पोचला. ड्रायव्हरनं मोबाइलवर तुमचं नाव टाकलं. त्याला काय पाहिजे? गाडी कोणत्या बाजूनं घालायची आणि माल कधी भरणार.”

व्यापारी सरांकडे बघायला लागले. सर छताकडे. शेवटी नानांच्या मनासारखंच झालं: ‘ट्रक मागच्या रस्त्याने. भराई सकाळी सहा ते अकरा. गाडी धुवायला पाणी आहे.’ व्यापारी जाताना फार खूश नव्हते. दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. ड्रायव्हर आता फोन करून डोकं खात नाहीत, म्हणाले. नानांना सांगितलं तर ते म्हणाले, “पाण्याचं लिहिलं म्हणून.” एवढंच.

वर्णन लिहून झालं की नाना ते अक्काला वाचून दाखवायचे. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, आमच्या सरांची आई. साक्रीकडच्या खेड्यात राहायची, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. नाना फोन लावायचे, मथळा आणि दोन ओळी सावकाश वाचायचे आणि गप्प राहायचे. स्पीकरवर अक्काचा आवाज यायचा, “मंग मी कोठे जाऊ?” हे ऐकलं की नाना ओळ खोडायचे. अक्का “बरं शे” म्हणाली की ती ओळ पक्की. शहरातल्या मोठमोठ्या डॉक्टरांच्या साइटवरची वाक्यं एक म्हातारी गोठ्यात उभी राहून पास-नापास करतेय, हे त्या डॉक्टरांना कधी कळलं नाही. सरांनाही तक्रार करता येईना, परीक्षक त्यांचीच आई.

मला हा सगळा पोरखेळ वाटायचा. पण माझं खरं भांडण होतं ते फाटकावरून.

आमच्या नव्या साइट ‘हेडलेस’ पद्धतीच्या होत्या. मजकुराचं कोठार एकीकडे. दवाखान्याचे किंवा शाळेचे लोक त्यात येऊन लिहिणार. लोकांना दिसणारी साइट वेगळी. ती मी लिहायची. माझा प्रोग्राम कोठारातून मजकूर उचलणार, पानं बांधणार आणि प्रत्येक पानाच्या डोक्यात मथळा-वर्णन घालणार. यात एक अडचण नेहमीची: कोठारात वर्णनाचा रकाना कुणी भरलाच नाही तर काय करायचं? जगभरचे लोक करतात ते सोपं आहे. रिकामं असेल तर मुख्य पानाचं वर्णन उचलून तिथं लावायचं. एका ओळीचं काम. नानांनी ते माझ्याकडून काढून टाकवलं. उलट त्यांच्या सांगण्यावरून मी असा नियम घातला की एकाही पानाचं वर्णन रिकामं असेल तर साइट प्रसिद्धच होणार नाही. प्रोग्राम लाल अक्षरात त्या पानाचं नाव दाखवून थांबणार. ऑफिसात त्याला ‘नानांचं फाटक’ म्हणायचे. घाईच्या वेळी ते हटकून पडलेलं असायचं.

“एका पानासाठी सगळी साइट अडवायची?” मी एकदा वैतागून म्हणाले.

“हो.”

“नाना, काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं.”

त्यांनी चष्मा काढला. “इंजिनियर, खिडकीत असताना माझ्यापुढे चाळीस माणसं उभी असायची. ‘माहीत नाही’ म्हणायला लाज वाटायची. मग शहाद्याची गाडी कुठं लागेल विचारलं की रोज लागते ती जागा सांगून टाकायचो. बहुतेकदा बरोबर निघायचं. ज्याचं चुकलं तो माणूस मला सांगायला परत कसा येणार? तो चुकीच्या जागी उभा आहे.” चष्मा पुन्हा लावून ते कामाला लागले. मी मनात म्हटलं, बसस्टँडचं शहाणपण इंटरनेटला लावतायत.

मग लहान मुलांच्या त्या रुग्णालयाचं काम आलं. धुळ्यातलं चांगलं नाव असलेलं रुग्णालय. नवजात बाळांसाठी त्यांनी नवा विभाग उभा केला होता. शनिवारी अकरा वाजता उद्घाटन, पाहुण्यांच्या हस्ते मोठ्या पडद्यावर साइटही सुरू व्हायची होती. त्याच आठवड्यात अक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन आलं आणि तिच्यासोबत नाना गेले. सर उद्घाटनासाठी इथं थांबले.

शनिवारी साडेदहाला मी साइट प्रसिद्ध करायची आज्ञा दिली. फाटक पडलं. एकच पान अडलं होतं: नरडाण्याचं केंद्र. औद्योगिक वसाहतीजवळ रुग्णालयाची एक छोटी शाखा होती. तिथं डॉक्टर आठवड्यातून दोनदाच जायचे आणि नवे वार ठरायचे होते. वर्णनाच्या रकान्याशेजारी नानांची टीप होती: ‘वार नक्की झाल्यावर लिहीन. तोवर हे पान नको.’

म्हणजे ते पानच काढून ठेवायला हवं होतं. पण मेनूमध्ये त्याचा दुवा होता, दुवा काढला तर पहिल्या पानाची मांडणी बिघडत होती. सर माझ्या खुर्चीमागे उभे होते. त्यांच्या मोबाइलवर रुग्णालयाचा तिसरा फोन वाजत होता.

“काहीतरी टाक ग,” सर म्हणाले.

मला ती एक ओळ पाठ होती. वर्णन असेल तर ते घे, नसेल तर मुख्य पानाचं घे. लिहिली. फाटक उघडलं. अकराला पाच कमी असताना साइट सुरू झाली, टाळ्या वाजल्या, मला पुष्पगुच्छही मिळाला. सोमवारी ही ओळ काढायची, असं मी ठरवलं होतं. सोमवारी दुसरं काम आलं. बुधवारी नाना परत आले आणि म्हणाले, “झालं ना नीट?” मी “हो” म्हणाले. पुढं एक-दोनदा सांगायचं मनात आलं, पण आता सांगायचं तर बुधवारचं ‘हो’ खोटं ठरत होतं. मी गप्प राहिले.

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी रुग्णालयातल्या डॉक्टरांचा फोन आला. त्या नुकत्याच नरडाण्याला पोचल्या होत्या. सरांनी फोन स्पीकरवर टाकला.

“तुमच्या साइटवर नरडाण्याचं काय लिहिलंय?” बाईंचा आवाज ताणलेला होता. “परवा रविवारी दुपारी इथं एक जोडपं आलं होतं. बारा-पंधरा दिवसांचं बाळ, श्वास लागलेला. केंद्राला कुलूप. शेजारच्या कारखान्याच्या वॉचमननं पाहिलं. ती बाई मोबाइल दाखवत होती त्याला, इथं लिहिलंय म्हणत होती. मग पिकअपमध्ये बसून गेले. कुठं गेले त्याला माहीत नाही.”

नानांनी खिशातून मोबाइल काढला, रुग्णालयाचं नाव आणि नरडाणा असं टाकलं आणि आलेलं मोठ्याने वाचलं. वर मथळा: बालरुग्णालय, नरडाणा केंद्र. खाली: ‘नवजात बाळांसाठी चोवीस तास तातडीचे उपचार. नाव नोंदवायची गरज नाही, बाळाला घेऊन सरळ या.’

“ही ओळ माझी आहे,” नाना म्हणाले. “मुख्य पानासाठी लिहिली होती. वर मथळ्यात धुळे होतं.” मग माझ्याकडे बघितलं. “इथं कशी आली?”

“मी लावली,” मी म्हणाले.

ते रागावतील म्हणून मी खांदे आवळून बसले होते. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी डॉक्टरांना वार विचारले, आता ते ठरले होते. कागदावर दोन ओळी लिहिल्या. त्या दिवशी अक्काला फोन लावला नाही. मी त्या कोठारात भरल्या, माझी ती ओळ काढली, साइट पुन्हा बांधली. दहा मिनिटांत सगळं झालं. नानांनी मोबाइलवर पुन्हा शोधलं. तेच आलं. सरळ या.

“हे अजून तसंच दिसतंय.”

“शोधयंत्रानं आपलं पान आधीच वाचून ठेवलंय, नाना. ते पुन्हा येऊन वाचेल तेव्हा बदलेल. मी विनंती टाकलीय.”

“कधी येईल?”

“सांगता येत नाही. उद्या, नाहीतर आठवडाभरानं.”

“म्हणजे तोवर खिडकी बोलत राहणार,” ते म्हणाले. भिंतीवरची पिशवी काढली, डबा आत टाकला आणि जिना उतरून गेले. दीड तासानं त्यांचा फोन आला. ते नरडाण्याला केंद्राच्या दारात बसले होते.

मंगळवार ते शुक्रवार, चार दिवस नाना तिथं बसले. पहाटेच्या गाडीनं जायचे. संध्याकाळी परतताना वॉचमनकडे रुग्णालयाच्या रुग्णवाहिकेचा नंबर आणि स्वतःचा नंबर ठेवून यायचे. रुग्णालयानं दारावर मोठा फलक लावला, तरी हे हटले नाहीत. फलक दार गाठल्यावर दिसतो, म्हणाले. तोवर अर्धा तास गेलेला असतो. स्टेशनसमोरच्या रिक्षावाल्यांना त्यांनी एकेकाला गाठून सांगितलं. आणि दर तासाला मला फोन.

“बदललं?”

“नाही, नाना.”

“बरं.”

ते ‘बरं’ मला ऐकवायचं नाही. मी दुसरं काही काम करू शकत नव्हते. शोधायचं, वाचायचं, पुन्हा शोधायचं. कुठल्याच वाक्यानं मला कधी इतकं छळलं नव्हतं. जेवताना, खोलीवर जाताना रिक्षात, सगळीकडे ते बाळ डोळ्यांपुढे यायचं. ते आहे की नाही हेही माहीत नव्हतं, आणि हे मी घरी आईलासुद्धा सांगू शकले नाही.

गुरुवारी दुपारी न राहवून मी नरडाण्याला गेले. नाना निंबाच्या सावलीत वॉचमनच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मी पोचले आणि पाठोपाठ एक रिक्षा आली. आत एक आजी, मांडीवर तापानं लाल झालेली नात. आजी उतरायच्या आत नाना रिक्षापाशी होते.

“उतरू नका, ताई. इथं आज डॉक्टर नाहीत. धुळ्याला जायचं आहे, मी गाडी बोलावतो.”

“पन नातू बोलना, दवाखाना आठेच शे म्हने,” आजी रिक्षाखालच्या जमिनीकडे बोट दाखवत म्हणाली.

“त्याला मोबाइलवर तसंच दिसलं असणार. चूक आमची आहे. तुमची नाही, त्याचीही नाही.”

त्यांनी फोन लावला. धुळ्याहून गाडी यायला वेळ लागणार होता म्हणून मीच त्या दोघींना त्याच रिक्षानं महामार्गापर्यंत नेलं आणि समोरून येणाऱ्या रुग्णवाहिकेत बसवून दिलं. मुलगी नंतर बरी झाली. परत आले तर नाना त्याच खुर्चीवर होते. ते पाण्याची बाटली धरून बसले होते. “ही दुसरी,” ते म्हणाले. “काल एक आलं होतं.”

शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास ओळ बदलली. मी फोन केला.

“मोठ्याने वाच.”

मी वाचलं: “‘फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी दहा ते एक. तातडी असेल तर इथे येऊ नका, धुळ्याच्या रुग्णालयात जा.’”

“परत वाच.”

परत वाचलं. तरी ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. कुणाच्या मोबाइलवर सकाळचंच उघडं असेल, म्हणाले.

मला वाटलं, संपलं. नानांचं संपलं नव्हतं. वॉचमनला आठवत होतं की त्या पिकअपच्या मागे एका दूध डेअरीचं नाव होतं. तेवढ्यावर नाना शिंदखेडा तालुक्यात हिंडले. सोमवारी सकाळी येऊन माझ्या टेबलापाशी उभे राहिले.

“सापडले. बुराई नदीकाठी गाव आहे. बाळ आहे. बरं आहे.”

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. ते माझं रडणं होईपर्यंत थांबले. त्या रविवारी शिंदखेड्यातल्या एका डॉक्टरनं ऑक्सिजन लावून बाळाला पुढे पाठवलं होतं, पाच दिवसांनी घरी आणलं, असं त्यांनी सांगितलं.

“तुला यायला लागेल,” मग ते म्हणाले.

“कशाला? बरं आहे ना बाळ?”

“त्या घरात वाचता येतं ते त्या सुनेला एकटीला. बारावी झालीय. नरडाण्याला चला, असं तिनं वाचून सांगितलं. नवरा आणि सासू म्हणतात, हिला धड वाचता येत नाही, हिच्यामुळे पोर जात होतं. तिचा मोबाइल काढून घेतलाय. बाळाचं औषध द्यायचं तरी बाटलीवरचं शेजारच्याकडून वाचून घेतात.”

“मग तुम्ही सांगायचं ना त्यांना.”

“सांगितलं. त्यांना वाटलं, म्हातारा सुनेची बाजू घेतोय. ज्यानं लावलं त्यानं सांगायला पाहिजे.”

मी म्हटलं, उद्या जाऊ. दुसऱ्या दिवशी नाना दहा वाजता पिशवी खांद्याला लावून आले. “आज?” एका शाळेची साइट द्यायची होती. मी म्हटलं, उद्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा, “आज?” आवाजात ना राग, ना टोमणा. मला त्यांचा संताप यायचा. बाळ वाचलंय, ओळ सुधारलीय, आता परक्या ओसरीवर जाऊन नाक घासायचं कशासाठी? पाचव्या दिवशी मी त्यांना तोंडावर म्हणाले, “नाना, तुम्हाला मला खाली बघायला लावायचंय.” ते म्हणाले, “नाही ग. मला ती बाई दिसते.” त्या रात्री झोप लागली नाही, तरी त्यानंतरही दोन दिवस मी उद्यावर ढकललं. आठव्या दिवशी त्यांनी विचारायच्या आधी मी पर्स उचलली.

घर दोन खोल्यांचं, पुढे पत्र्याची पडवी. सासू खाटेवर बाळाला घेऊन बसली होती. नवरा आमच्यासाठी कामावर उशिरा जाणार होता. सून पाण्याचा तांब्या ठेवून दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. माझ्याच वयाची होती. मी मनाची अशी समजूत करून गेले होते की कुणी मोठी बाई असेल.

नानांनी माझी ओळख करून दिली आणि ते खाली घोंगडीवर बसले. पुढं एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांच्याकडे बघितलं, ते बाळाकडे बघत होते.

“त्या रविवारी तुमच्या सुनेनं, ह्यांनी, मोबाइलवर जे वाचलं,” मी सुरुवात केली, “ते तसंच लिहिलेलं होतं. चोवीस तास, सरळ या. ते खोटं होतं. धुळ्याचं वाक्य मी नरडाण्याच्या पानावर लावलं. मला घाई होती. ह्यांनी बरोबर वाचलं होतं.”

सासू म्हणाली, “ती म्हने, मोबाइलमा लिखेल शे. मी म्हनं, दवाखाना बंद आनि लिखेल उघडा, असं कोनी लिखस का?”

“मी लिहिलं, आजी.”

सासूनं माझ्याकडे पाहिलं, सुनेकडे नाही. बाळाचं टोपडं सारखं करत बसली. नवऱ्यानं शर्टाच्या खिशातून मोबाइल काढला, थोडा वेळ हातात धरला आणि उठून चौकटीपाशी कोनाड्यात ठेवला, तिच्या हाताशी. तिनं तो उचलला नाही.

“ताई, तुम्हाला कधी कळलं?” तिनं मला विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. काल कळलं, म्हणता आलं असतं. नाना अजूनही माझ्याकडे बघत नव्हते.

“तुम्ही येऊन गेल्यावर दोन दिवसांनी. मंगळवारी.”

तिनं मनात दिवस मोजले. “चौदा दिन,” ती म्हणाली.

“या चौदा दिनमा मी भिंतवरनं कॅलेंडर वाची पाहे, डबावरनं नाव वाची पाहे,” ती हळूच म्हणाली. “माले वाचता येस नही, असं मन्हं मालेच वाटाले लागनं व्हतं.”